नववीच्या धड्यातलं गाऱ्हाणं

दोन हजार सात साली मला नोकरी लागली ती नववीच्या मुलांसाठी इतिहासाचे धडे संगणकावर बसवायची. पुस्तकातला इतिहास होताच. त्याच्या जोडीला मुलांनी आपल्या गावाचा इतिहास स्वतः गोळा करायचा, फोटो, नकाशे, माणसांचे आवाज, आणि मी ते सगळं जुळवून धडा तयार करायचा, अशी एका संस्थेची योजना होती. जिल्ह्यातल्या काही हायस्कुलांत हा अभ्यासक्रम सुरू होणार होता. माझ्या वाट्याला मालवण आणि देवगडच्या मधल्या एका बंदरावरचं हायस्कूल आलं. एसटी सकाळी तिथे सोडायची आणि दुपार कलली की परत उचलायची.

माझं शिक्षण इंग्रजी शाळांत झालं. वडिलांची बदली होईल तिथे, बरंचसं घाटावर. मराठी घरात बोलायचो, पण मनातल्या मनात इतिहास मला इंग्रजीतच आठवायचा. मालवणी पूर्ण कळायची आणि तोंडातून एक शब्द यायचा नाही. म्हणून मी कमी बोलायची, आणि लोकांना वाटायचं मला गर्व आहे. हे काम त्या दृष्टीनं सोयीचं होतं. कानांवर हेडफोन चढवला की कोणी फार विचारत नाही.

इतिहासाचे सर मात्र बोलायचे ते दोघांच्या वाटणीचं. शाळेला संगणक मिळाल्याचा आनंद त्यांना मुलांपेक्षा जास्त होता. संगणकांवर घालायला जुन्या चादरींच्या खोळी त्यांनीच शिवून घेतल्या होत्या. खोलीच्या दारात चपला काढायला लावायचे, स्वतः काढायला विसरायचे आणि मुलं ओरडली की जीभ चावून मागे फिरायचे.

"मॅडम," ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "किल्ल्याचे फोटो सगळेच घालतील. आपण नारळी पौर्णिमेचं गाऱ्हाणं घालू. आमच्या जुन्या तांडेलांचं. तसा आवाज अख्ख्या किनाऱ्यावर नाही."

तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. हे तांडेल आता म्हातारे झाले होते, समुद्रावर जात नव्हते. शाळेच्या कुंपणाला लागून एक भेंडीचं झाड होतं, भाजीची नव्हे, किनाऱ्यावर वाढणारी मोठी भेंडी, त्याच्या सावलीत दिवसभर जाळी शिवत बसायचे. नारळी पौर्णिमेला मासेमारी पुन्हा सुरू करताना बंदरावर समुद्राला नारळ द्यायचा आणि सगळ्या गावाच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, ते काम वर्षानुवर्षं त्यांचं. एक वाक्य ते म्हणणार, आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेली माणसं एका आवाजात म्हणणार, व्हय म्हाराजा.

गेल्या वर्षी मात्र त्यांनी ते घातलं नव्हतं. त्याच्या आदल्या मोसमात त्यांचा एकुलता एक मुलगा होडी घेऊन गेला तो आला नाही. होडी देवगडच्या बाजूला मिळाली. रिकामी, इंजिन शाबूत, डब्यात भाकरी तशीच. मुलगा मिळाला नाही. सरांनी मला हे सांगितलं तेव्हा खिडकीतून म्हाताऱ्यांची पाठ दिसत होती, आणि सरांनी आवाज खाली आणला नव्हता.

आम्ही विचारायला गेलो. सर म्हणाले, "तांडेलांनू, पोरांच्या अभ्यासासाठी. नुसतं नमुन्यादाखल."

म्हाताऱ्यांनी जाळ्यातून मान वर केली. "नमुन्याचा गाऱ्हाणा खंय मिळता? बाजारात?"

"तसं नाही, म्हणजे..."

"गाऱ्हाणा घातला की घातला. दर्याक काय म्हायत, तुमची परीक्षा आसा म्हणान?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या चेडू कोणाचा? बोलणा नाय तां?"

"मॅडम आहेत. इंग्रजीत शिकल्यात."

"मगे बरा. माका इंग्रजी येणा नाय, तिका मालवणी येणा नाय. भांडण जावचा नाय."

ते हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. पण पौर्णिमेच्या सकाळी ते बंदरावर आले, धुतलेलं धोतर नेसून, आणि नारळ हातात घेऊन पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. गावची मुख्य पूजा संध्याकाळी व्हायची होती. आत्ता आम्हीच होतो, सर, नववीची मुलं आणि मी. मी मायक्रोफोनला मोजा घातला होता, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून.

"बा दर्याच्या राजा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "आज तुझी लेकरां ह्या बंदरार नारळ घेवन हुबी आसत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं ओरडली. दोघी-तिघी हसल्या. दुसऱ्या वाक्यापासून कोणी हसलं नाही.

"जाळ्याक मासळी दी, होडयेक वारो दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची नजर, कोणाचा वायट-वंगाळ आसात तर तां खोल पाण्यात बुडव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग ते थांबले. मला वाटलं संपलं. मी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात तोच आवाज, जरासाही न बदलता, पुढे म्हणाला, "आणि जो एक गेलो तो अजून इलो नाय, तेका खंयच्याय किनाऱ्यार आसलो तरी घराकडे घेवन ये. आणि तो येयपर्यंत तेका गेलेल्यांत कोणी मोजू नये, रे म्हाराजा!"

मुलांनी काय म्हणावं? गाऱ्हाण्याला एकच उत्तर असतं. आणि मुलांनी ते दिलं, आधीच्यापेक्षा मोठ्यानं.

नारळ पाण्यात पडला. परत येताना सर एकटेच पुढे चालत होते.

तो धडा दिवाळीपर्यंत तयार झाला. "आपला किनारा, आपला इतिहास." नकाशावर बंदरावर बाण नेला की होडीचं चित्र उघडायचं, होडीवर बाण नेला की गाऱ्हाणं सुरू व्हायचं, ते संपलं की चार पर्यायांचा प्रश्न यायचा. मी शेवटचं वाक्य ठेवावं की नाही यावर संस्थेच्या माणसानं दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला, फार अस्सल आहे, राहू दे. सीडी इतर शाळांत गेल्या. वैभववाडीच्या एका सरांचा फोन आला, आमच्या मुलांना तुमचं गाऱ्हाणं पाठ झालंय म्हणून.

पुढच्या जूनमध्ये नवी नववी आली. तीन तुकड्या, म्हणजे आठवड्यात निदान तीनदा तो धडा लागायचा, आणि वीज गेली तर मध्येच तुटून पुन्हा पहिल्यापासून. संगणकांची खोली टोकाला होती. तिच्या एका बाजूला भेंडीचं झाड, दुसऱ्या बाजूला खालच्या वर्गांची खिचडी शिजवायची पत्र्याची शेड. शेडमध्ये दोघी बायका असायच्या. त्यातली धाकटी तांडेलांची सून होती, हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

ती तिशीची असेल. कुंकू ठसठशीत, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. वेगाने काम करायची आणि संध्याकाळी होड्या परतायच्या वेळेच्या आत घरी पोचायची. एकदा पावसानं एसटी चुकली तेव्हा मी शेडच्या आडोशाला उभी होते. ती भांडी घासत होती. खोलीत क तुकडी होती आणि धडा चालू झाला होता. तिच्या सासऱ्यांचा आवाज पत्र्यावरच्या पावसातून आमच्यापर्यंत येत होता, आणि त्यामागून मुलांचा. शेवटच्या वाक्याला तिचा हात थांबला. वाक्य संपलं, उत्तर आलं, आणि हात पुन्हा फिरू लागला.

"मॅडम," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तां बंद करुक येता काय?"

मी विचारलं, त्रास होतो का. प्रश्न किती मूर्ख आहे ते विचारताना कळत होतं.

"त्रास न्हय. माका आवशीकडे जावचा आसा."

मग तिनं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, मधे पाणी ओतायला उठत. तिची आई धामापूरला होती, अंथरुणावर. बघायला जायचं तर सकाळी जाऊन दुपारी परत, कारण ज्या बाईचा माणूस समुद्रावर आहे तिनं होड्या यायच्या वेळी घरात असायला हवं, चूल पेटती हवी. त्यांच्यात तसंच आहे. आणि तिचा माणूस, तिच्या घराच्या हिशेबानं, अजून समुद्रावर होता. ज्याचं शरीर मिळत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात; मग तो गेला, मग पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी त्याच्या नावाचं पान वाढता येतं, मग तिला आईजवळ राहता आलं असतं. भावांनी येऊन सासऱ्यांना गळ घातली होती. भाद्रपदात पितृपक्षाआधी करू, असं त्यांनी कबूलही केलं होतं.

"आता म्हणतत, मी तेका जाळू कसो? थयसर पोरां रोज तेका बोलवतत."

"मी ते वाक्य काढून टाकते," मी म्हटलं. "उद्याच."

ती प्रथमच हसली. "खरा? इतक्या सोपा आसा तां?"

मला वाटलं, आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेंडीखालून हाक आली. "गो चेडवा, हयसर ये." म्हाताऱ्यांच्या मांडीवर जाळं होतं, पण सुई हातात नव्हती.

"सुनेन सांगितल्यान माका. तू माझां तोंड दाबतलंस?"

मी म्हटलं, तुमचा आवाज राहील, फक्त तेवढं वाक्य...

"अर्धा गाऱ्हाणा? बापजन्मात कोणी अर्धा घातल्यान नाय. आणि जां म्हटला तां पुसूक येवचा नाय." ते बंदराकडे वळले. "माका वाटला, एकदा म्हटला, झाला. दर्यान ऐकला तर ऐकला. पण ह्या बघ. मी हयसर गप बसलंय, आणि थयसून माझोच आवाज बोलता. मी गप बसलंय तरी तो गप बसणा नाय. मगे माका वाटता, त्येका काय म्हायत आसा, जां माका म्हायत नाय."

त्या आवाजाच्या शेकडो प्रती मीच काढल्या होत्या. मी विचारलं, काय केलं तर चालेल.

त्यांनी खूप साध्या शब्दांत सांगितलं. गाऱ्हाणं पुसता येत नाही, पण त्याला कोणी हो म्हटलं नाही तर ते पडतं. होकाराशिवाय ते देवाकडे जातच नाही, घालणाऱ्याच्या पायाशी राहतं. मुलांचं व्हय काढ. माझं राहू दे. मग मी ऐकेन, आणि पडलं तर पडलं.

"आणि बाकीच्या शाळांत? वैभववाडीला?"

"थय दर्या खंय आसा? त्या डोंगराच्या मुळात बसान कितीय व्हय म्हणूदेत. दर्याक ऐकू येवचा नाय." हे मात्र ते हसत म्हणाले.

वीज होती तोवर मी खोलीत बसून ते काम केलं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. म्हाताऱ्यांचं बोलणं बुटक्या टेकड्यांसारखं होतं आणि मुलांचं व्हय म्हाराजा म्हणजे उंच कडे. मी एकेक कडा निवडून पुसत गेले. पण नुसतं पुसलं की तिथे एक मेलेली शांतता यायची, कानात बोळा घातल्यासारखी. बाकी सगळीकडे मागे समुद्र होता, आणि तिथेच नव्हता. म्हणून मी ध्वनिमुद्रणाच्या शेवटून, नारळ पडल्यानंतरचा, नुसत्या लाटांचा आवाज उचलला आणि प्रत्येक रिकाम्या जागी भरला. मग पहिल्यापासून ऐकलं. म्हाताऱ्यांनी मागणं मागितलं आणि गप्प झाले, आणि लाट आली. पुन्हा मागितलं, पुन्हा लाट. हेडफोन काढला तेव्हा खिडकीबाहेर खरा समुद्र तसाच चालू होता, आणि क्षणभर मला कळेना मी अजून ऐकतेय की संपलंय.

मी तो धडा सगळ्या संगणकांवर घातला. अ तुकडी आली. सर म्हणाले, शांत बसून ऐका. पहिलं वाक्य झालं. लाट आली. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरं वाक्य झालं, लाट आली, आणि मागच्या रांगेतली एक मुलगी, वहीत काहीतरी गिरवत असताना, वर न बघता म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिसऱ्या वाक्याला सगळी तुकडी म्हणाली. चौथ्याला भिंतींना हादरा बसला.

"अरे, कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" सर ओरडले.

"सर, रिकामी जागा भरा होती," पहिल्या बाकावरून आवाज आला, आणि हशा पिकला.

"एरवी प्रश्न विचारला तर तोंडात गुळणी असते तुमच्या!"

"सर, देवाचा आसा. नाय म्हणाक खंय येता?"

मी शेडकडे बघायचं टाळलं. ब तुकडीनं तेच केलं. क तुकडीनंही. मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. ह्या किनाऱ्यावर गाऱ्हाण्यानंतर कोणी गप्प बसलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं. आईच्या कडेवर असल्यापासून ती हो म्हणत आली होती. आधी निदान हो म्हणणारी मुलं गेल्या वर्षीची होती, ध्वनिमुद्रणातली. आता जिवंत होती, आणि दर वेळी वेगळी.

पितृपक्ष तोंडावर आला होता. धामापूरहून निरोप आला होता की आईनं खाणं सोडलंय. सून शेडमध्ये खिचडी ढवळायची आणि कोणाशी बोलायची नाही. एके दुपारी ती सरळ भेंडीखाली गेली. मी खिडकीशी होते.

"मामांनू, आता काय ता एकदा ठरवा. ती थय माका न बघता गेली, तर मी हयसर कोणासाठी बसान?"

शाळा सुटल्यावर म्हातारे सरांना भेटले. म्हणाले, मी येतो, आत बसून ऐकतो. पोरांना गप्प ठेवायची जबाबदारी तुमची. कोणी बोललं नाही तर मी भटजीकडे जाईन.

सरांनी जबाबदारी मनावर घेतली. क तुकडीला दोन दिवस तालीम दिली. जो तोंड उघडील तो अख्खा धडा दोनदा लिहून आणील, असा दम दिला. काही मुलांनी घरी विचारलं असावं; ती दुसऱ्या दिवशी गंभीर होऊन आली, आणि मग तालमीची गरज उरली नाही.

म्हातारे दुपारी आले. चपला दारात काढल्या, सरांच्या चपलांकडे बघितलं, सरांनी त्याही बाहेर काढल्या. त्यांना खुर्ची दिली होती, पण ते मुलांच्या स्टुलावर बसले. पडद्याकडे त्यांनी पाठ केली आणि तोंड खिडकीकडे, पाण्याच्या बाजूला ठेवलं. मी बटण दाबलं.

पहिलं वाक्य. लाट. कोणी हललं नाही. दोन मुलींनी एकमेकींचे हात धरले होते.

दुसरं वाक्य. लाट. पंख्याचा कर्रकर्र आवाज.

तिसरं. लाट. एका मुलानं दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले होते, डोळे पाण्यानं भरले होते, हसण्यानं की कशानं ते कळत नव्हतं. म्हाताऱ्यांचे ओठ आवाजाबरोबर हलत नव्हते. ते एखाद्या परक्या माणसाचं बोलणं ऐकावं तसे ऐकत होते.

मग तो थांबा आला. आणि मग ते वाक्य. जो एक गेलो तो अजून इलो नाय. खंयच्याय किनाऱ्यार आसलो तरी. घराकडे घेवन ये. तो येयपर्यंत तेका गेलेल्यांत कोणी मोजू नये, रे म्हाराजा.

लाट आली.

आणि लाटेच्या आतून कोणीतरी हळू म्हणालं, "व्हय म्हाराजा."

मी पडद्याकडे पाहिलं. मला खरंच वाटलं, एक कडा माझ्याकडून पुसायचा राहिला. रेघ तिथे सपाट होती. मग मी मुलांकडे पाहिलं, तर सगळी मुलं दाराकडे बघत होती.

ती दारात उभी होती. पदराला राख लागलेली, हातात खिचडीचा मोठा डाव. तिला तिथे यायला कोणी सांगितलं नव्हतं, यायचं नाही असंही सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा असा झाला होता, जणू तिनं कोणाला तरी हाक मारली आणि त्यानं ओ दिली.

धडा कोणासाठी थांबत नाही. पडद्यावर टिंग वाजून प्रश्न आला: गाऱ्हाणे म्हणजे काय? योग्य पर्याय निवडा. सर पुढे होऊन तो बंद करू लागले आणि त्यांच्याकडून तो बंद होईना.

म्हातारे स्टुलावरच सुनेकडे वळले.

"तू कधी व्हय म्हणूक नाय," ते म्हणाले.

"माका कोणी इचारल्यान?"



"तुझे भाव इले, तू त्यांच्यावांगडा बसलंस. आवशीकडे जातंय म्हटलंस. मी समजलंय, ह्या घरात मी एकटोच वाट बघतंय."

"तीन येळा चूल पेटवतंय मी," ती म्हणाली. "कोणासाठी पेटवतंय? तुमच्यासाठी? तुमका दात खंय आसत?"

मागच्या रांगेतून हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. म्हाताऱ्यांच्या तोंडावरही काहीतरी हललं. ते उठले. उठताना त्यांना टेबलाचा आधार लागला, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की त्यांची बोटं जाळ्याच्या दोऱ्यानं कापलेली आहेत.

"मगे चल," ते तिला म्हणाले. "दोघांनी मिळान सोडूया तेका. माझ्या एकट्यान तो सुटणा नाय."

ती म्हणाली, खिचडी लागेल. दुसऱ्या बाईला सांगून येते. मग तिनं डाव माझ्या हातात दिला, का ते मला कळलं नाही, आणि दोघं कुंपणाच्या कडेनं बंदराकडे गेली. ते पुढे, ती मागे, नेहमीच्या अंतरावर.

विधी दोन दिवसांनी झाला. मी तिथे नव्हते. खाडीच्या पलीकडे थोडा धूर दिसला, तो कशाचाही असू शकला असता. मी गाऱ्हाणं धड्यातून संपूर्ण काढलं, आणि म्हाताऱ्यांनी ह्या वेळी हरकत घेतली नाही. होडीच्या चित्राला आता आवाज नव्हता. मुलं तिच्यावर बाण नेऊन पुन्हा पुन्हा दाबत बसायची. इतर शाळांतल्या सीडी परत मागवायचं पत्र संस्थेनं काढलं. काही आल्या.

दहाव्या-बाराव्याचं उरकल्यावर ती एका सकाळी शाळेत आली, कामावर नव्हे, सरांना सांगायला की महिनाभर येणार नाही. धामापूरच्या एसटीला वेळ होता. कपाळ मोकळं होतं. तिला ओळखायला मला एक क्षण लागला. ती खोलीच्या दारात थांबली, चपला काढल्या, पण आत आली नाही.

"एक इचारु काय, गो बाय?"

"विचारा ना."

"त्या दिवशी मी म्हटलंय, तां ह्या डब्यात गेला काय? माझो आवाज?"

"नाही," मी म्हटलं. "तेव्हा डबा नुसता वाजत होता. आवाज भरून घेत नव्हता."

"म्हणजे खंयच नाय."

"नाही. कुठेच नाही."

"बरा झाला," ती म्हणाली.

बाहेर एसटीचा हॉर्न ऐकू आला. तिनं एकदा सगळ्या संगणकांवरून नजर फिरवली, चादरींच्या खोळींखाली झाकलेल्या. मग चपला पायात घातल्या. पण गेली नाही, तशीच दारात उभी राहिली, मी अजून काही सांगेन म्हणून.